मेंदूतील गाठ आणि शाकाहारी घर

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका स्त्रीला एका नव्याच यंत्रात निजवण्यात आले. तिच्या मेंदूच्या पुढच्या भागात काहीतरी वाढले असावे असा डॉक्टरांचा संशय होता. परंतु कवटी न उघडता त्याची शहानिशा करण्याचा सरळ मार्ग त्या दिवसापर्यंत कोणाजवळ नव्हता. यंत्राने तिच्या डोक्याभोवती फिरत क्ष-किरणांची हजारो मोजमापे घेतली, गणकयंत्राने त्यांचा हिशेब मांडला आणि मेंदूचा आडवा छेद घेतल्यासारखे चित्र उमटले. त्यात एक काळसर गोल डाग स्पष्ट दिसत होता. ती द्रवाने भरलेली पुटी होती. शल्यचिकित्सकाने पुढे कवटी उघडली, तेव्हा चित्रात दिसली तशीच आणि तेथेच ती सापडली. मेंदूच्या सीटी स्कॅनचा आरंभ असा एका पुटीच्या दर्शनाने झाला.

हे यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते आणि विद्यापीठाचे पदवीधरही नव्हते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेले हे अभियंते ईएमआय या कंपनीत नोकरी करीत होते. आजच्या व्यापाऱ्याला ईएमआय म्हटले की कर्जाचा मासिक हप्ता आठवतो. पण ही कंपनी गाण्यांच्या तबकड्यांची, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राची. हाउन्सफील्ड आणि त्यांच्याशी काहीही संबंध नसताना त्याच प्रश्नाचे गणित आधी सोडवून ठेवलेले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आजही स्कॅनवरील प्रत्येक ठिपक्याची घनता हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या एककातच मोजली जाते. पाण्याला शून्य धरायचे, हाड त्याच्या खूप वर, हवा खूप खाली. पुटीतील द्रव बहुधा शून्याच्या जवळपास येतो, ताजे रक्त त्याहून बरेच वर, आणि म्हणूनच डॉक्टर एका दृष्टिक्षेपात दोहोंतील भेद सांगू शकतात.

त्यापूर्वी काय होते, हे आजच्या पिढीला ठाऊक असण्याचे कारण नाही. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढण्याची युक्ती शोधली. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली की दुसऱ्या बाजूला गाठ असणार, असा तर्क. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत द्रव्य सोडून त्यांचे जाळे चित्रित केले. दोन्ही पद्धती त्रासदायक आणि जोखमीच्या होत्या, आणि दोन्हींतून मेंदू दिसत नसे, त्याचे सरकणे तेवढे कळे. तिजोरी न उघडता तिच्यावर टकटक करून आतील ऐवज ओळखावा, असाच तो प्रकार होता.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या बाबतीत हा बदल अधिकच मोलाचा ठरला, कारण तेथे घड्याळ थांबत नाही. कवटी ही चहूबाजूंनी बंद पेटी. आत रक्त साचू लागले तर त्याला पसरण्यास जागा नसते आणि मेंदूच दाबला जातो. कवटीच्या हाडाला तडा जाऊन आतील धमनी फाटली, तर रुग्ण काही काळ शुद्धीवर असतो, बोलतो, घरी जाण्याचा आग्रह धरतो आणि काही तासांत बेशुद्ध होतो. मधला हा शुद्धीचा काळ फसवा असतो. आज मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यापासून काही मिनिटांत स्कॅन होतो आणि साचलेले रक्त पांढऱ्या भिंगासारखे दिसते. ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली मोजपट्टीही तेवढीच उपयोगाची ठरली. रुग्ण डोळे कसे उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, यांना गुण द्यायचे. एकूण गुण कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. ‘रुग्ण गुंगीत आहे’ या मोघम वाक्याऐवजी ‘सकाळी १४ होते, आता ११ आहेत’ असे सांगता येऊ लागले आणि तालुक्याच्या डॉक्टरांचे शब्द शहरातील शल्यचिकित्सकाला नेमके कळू लागले. कोणत्याही हिशेबनिसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु घरोघर जी इजा ओळखू येत नाही, ती याहून वेगळी आहे. तिच्यात आरडाओरड नसते, रक्त दिसत नाही, कित्येकदा पडल्याची आठवणही नसते. सत्तरी ओलांडलेले आजोबा देरासराच्या पायरीवर किंवा स्नानगृहात घसरतात, डोके भिंतीला किंचित आपटते, उठून बसतात, कपाळावर बर्फ लावला जातो आणि विषय संपतो. तीन-चार आठवड्यांनी मात्र ते गल्ल्यावर बसले की हिशेब चुकू लागतो. एकाच ग्राहकाला दोनदा तोच भाव विचारतात, चालताना एका बाजूला झुकतात, दुपारी झोपले की लवकर जागे होत नाहीत. घरातले म्हणतात, वय झाले. मुले पेढीची सही हळूहळू आपल्याकडे घेतात. कोणी म्हणते विस्मरणाचा आजार जडला, आणि तो बरा होत नसतो म्हणून कोणी डॉक्टरांकडेही नेत नाही.

वयानुसार मेंदू थोडा आकसतो. कवटी आणि मेंदू यांच्यामधील अंतर वाढते आणि तेथून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही त्यांतील एखादी फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने पाझरत राहते. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा पाझर अधिकच. साचलेले रक्त काही आठवड्यांत काळे, पातळ, इंजिनातील जुन्या तेलासारखे होते आणि मेंदूवर त्याचा दाब पडू लागतो. म्हातारपणाचे विस्मरण वर्षानुवर्षे वाढत जाते. हे मात्र आठवड्यांच्या हिशेबाने वाढते. भेद करण्याची खूण एवढीच, आणि ती घरच्या माणसाखेरीज कोणाच्या ध्यानात येणार नाही. पाचशे पानी विमापत्र वाचून काढणाऱ्या माणसाला वडिलांची चाल गेल्या महिन्यात कशी होती हे आठवत नाही, असे पुष्कळदा घडते.

उपचार मात्र मेंदूशल्यशास्त्रातील सर्वांत साध्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. कवटीला एक-दोन छोटी छिद्रे पाडून जुने रक्त धुऊन काढले जाते. काही रुग्णांच्या बाबतीत रक्त पुन्हा साचते. ब्रिटनमध्ये केंब्रिज येथे झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस तेथे एक मऊ निचरानळी ठेवली, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण शंभरात सुमारे २४ वरून सुमारे ९ वर येते. फरक एवढा स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. एका साध्या नळीने एवढे काम केले. अलीकडे मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून अतिशय बारीक नळी मेंदूच्या आवरणाच्या धमनीपर्यंत नेऊन तेथील रक्तपुरवठाच बंद करण्याची पद्धत पुढे आली असून, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी तिला बळ दिले आहे. ती महाग आहे आणि प्रत्येकाला लागते असे नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या आणि कधी पुन्हा सुरू करायच्या, हा निर्णय हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून करायचा असतो. पडल्याच्या भीतीने घरच्या घरी त्या बंद करणे हे दुसरे संकट होय.

अपघाताविषयी दोन व्यावहारिक गोष्टी येथेच सांगून टाकणे बरे. महामार्गावर विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वाहनाने धडक दिल्याच्या वार्ता समाजाला नव्या नाहीत, आणि तशा वेळी जवळचा श्रावक पोलिसांच्या भीतीने घुटमळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे. तसेच मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. मेंदूच्या इजेत पहिला तास पैशांच्या जुळवाजुळवीत जाऊ नये, यासाठी ही माहिती प्रत्येक संघाच्या कार्यालयात लावून ठेवण्यासारखी आहे.

उपचारांची प्रगती म्हणजे नेहमी नवे औषध देणे नव्हे, कधी जुने औषध थांबवणेही असते. डोक्याला मार लागला की सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याची प्रथा अनेक दशके होती. दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘क्रॅश’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २००४ मध्ये दाखवून दिले, की स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत दोन आठवड्यांतील मृत्यू कमी न होता वाढतात. शंभरात सुमारे १८ ऐवजी २१. सर्वत्र ती प्रथा थांबली. गंमत अशी, की मेंदूतील एका विशिष्ट पुटीच्या उपचारात हेच औषध आवश्यक ठरते. ही पुटी म्हणजे प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय, कारण ती शाकाहारी घरातही सापडते.

मेंदूत आढळणारी प्रत्येक पुटी ही चिंतेची बाब नसते, हे आधी सांगितले पाहिजे. मेंदूच्या आवरणात जन्मतःच असलेली पाण्यासारख्या द्रवाची पुटी पुष्कळांच्या डोक्यात आयुष्यभर निमूट पडून असते आणि डोकेदुखीसाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने दिसते. बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, अधूनमधून तपासणी पुरते. अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द वाचून रात्रीतून मुंबई गाठणारी कुटुंबे कमी नाहीत. घाई करायची ती अहवाल समजून घेण्याची.

भारतात ज्या पुटीने सर्वाधिक कुटुंबांना भेडसावले, तिचे नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस. शाळकरी मुलाला किंवा तरुणाला अचानक आकडी येते. पूर्वी कधी काही झालेले नसते. स्कॅनमध्ये मेंदूत वाटाण्याहून लहान, कडेने चमकणारे एक कडे दिसते. १९८० च्या दशकात सीटी यंत्रे देशभर पोहोचली, तेव्हा अशा चित्रांचा सुकाळ झाला आणि ती क्षयाची गाठ समजून असंख्य रुग्णांना क्षयाची औषधे दीर्घकाळ देण्यात आली. चित्र दिसू लागले, पण चित्राचा अर्थ चुकत होता. गाठी पुढे नाहीशा होत आणि औषधाने गुण आला असे वाटे.

हा गैरसमज दूर केला तो तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. भारतातील पहिला मेंदूशल्यचिकित्सा विभाग जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये याच संस्थेत सुरू केला होता. वेल्लोरच्या शल्यचिकित्सकांनी अशा गाठींचे नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अनेक नमुन्यांत क्षयाऐवजी कृमीच्या मृत अळीचे अवशेष सापडले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडले. पुढे त्यांनी शस्त्रक्रिया न करता ही पुटी ओळखण्याचे निकष ठरवले: गाठ एकच असावी, २० मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी, सुजेने मेंदूचा मध्य सरकलेला नसावा, मेंदूतील दाब वाढल्याची किंवा शरीरात अन्यत्र क्षयाची चिन्हे नसावीत. या साध्या यादीने कित्येक मुलांच्या कवट्या उघडण्यापासून आणि अनावश्यक औषधांपासून वाचल्या. एमआरआय तपासणी आल्यावर तर पुटीच्या आत अळीचे डोके पांढऱ्या बिंदूसारखे दिसू लागले. तो बिंदू दिसला की निदानाबद्दल शंका उरत नाही.

आता मूळ प्रश्न. ही पुटी डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची, असे डॉक्टर सांगतात आणि जैन घरातील आई थिजून उभी राहते. ज्या घरात बटाटाही येत नाही, त्या घरातील मुलाच्या मेंदूत हे कसे? कित्येकदा पहिला संशय मुलाच्याच वागण्यावर येतो. वसतिगृहात काही खाल्ले असेल, मित्रांबरोबर गेला असेल. आजारी मुलाची उलटतपासणी सुरू होते.

ती अन्यायाची आहे. या कृमीच्या जीवनक्रमात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि घोटाळा त्यांच्या सरमिसळीने होतो. अर्धकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कित्येक मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्या माणसाला त्याचा फारसा त्रास जाणवत नाही. त्याच्या विष्ठेवाटे मात्र कृमीची अंडी बाहेर पडतात. कृमीच्या एकेका पिकलेल्या खंडात सुमारे पन्नास हजार. ही अंडी मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढी असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ती सांडपाण्यातून शेतात, भाजीवर, किंवा न धुतलेल्या हातांतून अन्नावर पोहोचली आणि कोणाच्या पोटात गेली, की त्यांतून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत जाऊन पुटी बनवते. थोडक्यात, मांस खाणाऱ्याला मिळतो आतड्यातील कृमी, आणि मेंदूतील पुटी मिळते अंडी पोटात गेलेल्याला, मग तो काहीही खाणारा असो. मेंदूतील पुटी हा आहारभ्रष्टतेचा पुरावा नव्हे. दुसऱ्या कोणाच्या आतड्यातील कृमीची अंडी अस्वच्छतेमुळे आपल्या ताटात आली, एवढेच ती सांगते.

याचा अतिशय बोलका दाखला न्यूयॉर्कमधील आहे. तेथील सनातनी ज्यू समाजातही डुकराचे मांस निषिद्ध आहे. तरीही त्या समाजातील, परस्परांशी नाते नसलेल्या चार जणांना आकड्या आल्या आणि त्यांच्या मेंदूत याच पुटी आढळल्या. १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. घरकामासाठी ठेवलेल्या, हा कृमी सर्रास आढळणाऱ्या देशांतून आलेल्या व्यक्तींकडून संसर्ग झाला असावा, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता, आणि तपासलेल्यांपैकी एकीच्या पोटात पट्टकृमी प्रत्यक्ष आढळला. धर्माचा आहारनियम काटेकोर पाळणाऱ्या घरात रोग स्वयंपाकघरातूनच आला होता.

यावरून कोणी आपल्या स्वयंपाकीणबाईंकडे किंवा आचाऱ्याकडे संशयाने पाहू लागेल, तर ते चुकीचे आणि अशोभनीय ठरेल. ज्यांच्या घरी शौचालय आणि नळाचे पाणी नाही, त्यांच्या पोटात कृमी असणे हा त्यांचा अपराध नव्हे. घरमालकाने आपल्या कुटुंबाबरोबर त्यांचीही विष्ठातपासणी आणि औषधोपचार आपल्या खर्चाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे आणि पुरेसा साबण आणि वाहते पाणी द्यावे. कृमीनाशक गोळी मनाने वाटत सुटू नये. मेंदूत पुटी असलेल्यास तिनेच आकडी येऊ शकते. कोबीविषयीची भीतीही जरा तपासून घेतली पाहिजे. कोबीतील हिरवी अळी मेंदूत जाते हा समज सर्वदूर आहे, पण त्या अळीचा या रोगाशी संबंध नाही. कोबी असो, कोथिंबीर असो वा काकडी, प्रश्न तिच्यावर कोणते पाणी पडले आणि ती कोणत्या हातांनी चिरली गेली, हा आहे. पाणी कापडाने गाळल्याने एवढी सूक्ष्म अंडी अडतीलच असे नाही. उकळल्याने मात्र ती मरतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करून उकळलेले पाणी पिणाऱ्या घराची बाजू येथे आपोआप भक्कम होते. पण तेच घर रस्त्यावरील ‘जैन पावभाजी’च्या गाडीवर कच्च्या कोबीची पखरण निर्धास्तपणे खाते, कारण पाटीवर कांदा-लसूण नाही असे लिहिलेले असते. ‘जैन’ ही पाटी गाडीवाल्याच्या हातांविषयी काहीच सांगत नाही.

एकच छोटी पुटी असेल तर उपचार बहुधा गोळ्यांचेच. आकडी थांबवणारे औषध, डॉक्टरांना योग्य वाटल्यास अल्बेंडाझोल, आणि मरणाऱ्या अळीभोवती सूज येऊ नये म्हणून त्याबरोबर स्टेरॉइड. अळी मारणारे औषध देण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी करतात, कारण डोळ्यात पुटी असेल आणि ती तेथे मेली तर दृष्टी धोक्यात येते. पुटी पुष्कळ असून मेंदू सुजलेला असेल, तर अळी मारण्याची घाई घातकच ठरते. शल्यचिकित्सकाची पाळी येते ती पुटी मेंदूच्या पाण्याच्या पोकळीत अडकून वाट बुजवते तेव्हा. तेथेही पूर्वीसारखी मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही; छोट्या छिद्रातून दुर्बीण आत नेऊन पुटी ओढून काढता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा कृमी ज्या प्रदेशांत घर करून आहे, त्यांपैकी अनेक ठिकाणी अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तीस जणांचे कारण हाच आहे, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

आकडी आल्यावर काय करावे हे बहुतेकांना अजूनही माहीत नसते. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

परंतु औषधापेक्षा कठीण प्रश्न असतो तो लपवण्याचा. विशेषतः मुलगी असेल तर. आकडी ‘चक्कर’ होते, गोळी ‘शक्तीची’ होते, आणि परिचयपत्रकात आरोग्यापुढे ‘उत्तम’ लिहिले जाते. त्यामागे भीती आहे आणि भीतीला इतिहासही आहे. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांशेजारीच अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. पंचवीसहून अधिक वर्षे झाली. सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? कायद्याने डाग पुसला, तरी घरातले तो जपून ठेवतात. लपवण्याची किंमत मुलगीच मोजते. सासरी गोळी घेताना कोणी पाहील म्हणून ती चुकवते, आणि लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत, जागरणांत आणि उपवासांत, नेमकी आकडी येते. मग पुटीपेक्षा फसवणुकीची चर्चा अधिक होते, आणि त्यात तथ्यही असते. ज्या घरात एक छोटी पुटी औषधाने नाहीशी झाल्याचा दुसरा स्कॅन हातात आहे, त्यांनी तो स्कॅन समोरच्या कुटुंबापुढे ठेवण्यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. आरोग्यविम्याच्या प्रस्तावातही हाच न्याय. सांगितलेल्या आजारासाठी काही काळ थांबावे लागते. न सांगितलेल्या आजाराने ऐन वेळी दावाच फेटाळला जाऊ शकतो.

उरतो तपस्येचा प्रश्न, आणि तो दर पर्युषणात नव्याने उभा राहतो. आकडीचे औषध शरीरात सतत ठरावीक पातळीत राहावे लागते. अठ्ठाई करण्याची इच्छा असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आठ दिवस गोळ्या बंद करते, घरातले तिच्या धैर्याचे कौतुक करतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी उपाश्रयाच्या जिन्यावर तिला आकडी येते. जिन्यावरची आकडी म्हणजे डोक्याला मार, आणि मग पुटी व इजा एकाच स्कॅनमध्ये. औषध एकाएकी बंद करणे हे आजारापेक्षाही धोक्याचे असते. डॉक्टरांना उपवासाची वेळ आणि नियम आधी सांगितले, तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. काही औषधांचे दिवसातून एकदाच घेण्याचे प्रकार मिळतात, काहींची वेळ चोविहाराआधी आणता येते, आणि काहींच्या बाबतीत डॉक्टर स्पष्ट नाही म्हणतात, ते ऐकावे लागते. पच्चक्खाणात आगारांची, म्हणजे अपवादांची, सोय पूर्वाचार्यांनी मुळातच ठेवलेली आहे. आजारी श्रावकाने औषधाचा आगार राखून पच्चक्खाण घ्यावे की तप पुढे ढकलावे, हे गुरुमहाराजांना विचारावे. पण विचारताना आजाराचे नाव सांगून विचारावे. ‘थोडी चक्कर येते’ एवढेच सांगितले, तर महाराजसाहेबही चक्करेपुरतेच उत्तर देतील.

शेवटच्या आकडीनंतर किती महिन्यांनी औषध कमी करायचे, हे दुसरा स्कॅन ठरवतो. पुटी पूर्ण विरली असेल तर ते लवकर बंद होऊ शकते. मागे चुन्याचा पांढरा ठिपका उरला असेल तर अधिक काळ लागतो. पुष्कळ कुटुंबे हा दुसरा स्कॅन करतच नाहीत, कारण मुलगी आता बरी दिसते. मग कोणी भीतीने दहा वर्षे गोळ्या देत राहते, तर कोणी दोन महिन्यांत थांबवते. पहिल्या स्कॅनच्या फिल्म जुन्या वह्यांबरोबर रद्दीत न देता जपून ठेवाव्यात. दुसऱ्या वेळी डॉक्टर प्रथम त्याच मागतात.